एकच दे, लिस्ट नको

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये चहाच्या रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या मुलीच्या टी-शर्टवर ‘लॅटरॅलस’ असं लिहिलेलं होतं. टूल या बँडच्या २००१ सालच्या अल्बमचं नाव. आमच्या मजल्यावर साधारण तीनशे माणसं बसतात. त्यातले निम्मे अरिजित ऐकतात आणि उरलेले अजय-अतुल आणि अरिजित. अशा ठिकाणी हा टी-शर्ट दिसला की परमुलखातल्या एसटी स्टँडवर आपल्या गावची पाटी लावलेली गाडी दिसल्यासारखं होतं.

मला राहवलं नाही. “ऐकतेस की नुसताच घातलायस?” हा प्रश्न उद्धट आहे हे विचारून झाल्यावर कळलं.

“ऐकते,” ती म्हणाली. “टूल सगळं झालंय. ड्रीम थिएटरचे चार-पाच अल्बम झालेत. तूच सांग आता पुढे काय ऐकू. पण एकच दे, लिस्ट नको. लिस्टा ढीगभर आहेत माझ्याकडे.”

माझा हात खिशातल्या फोनकडे निघाला होता, तो तिथेच थांबला. कारण माझ्याकडे होती ती लिस्टच.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी एक शीट बनवायला घेतली. आज तिच्यात दोनशेच्या वर ओळी आहेत. बँड, देश, अल्बम, साल, कुठल्या गाण्यापासून सुरुवात करावी, सगळ्यात लांब गाणं किती मिनिटांचं, आणि शेवटच्या रकान्यात ‘गुरगुर’, दहापैकी किती. फिल्टर लावता येतो. भारतातल्या म्हणून वेगळ्या ओळी आहेत. दिल्लीच्या केशव धरने सुरू केलेल्या स्कायहार्बरचा २०१४ चा ‘गायडिंग लाइट्स’ तिथे आहे, आणि मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनचा २०१७ चा ‘दशावतार’ही. या दुसऱ्या अल्बममध्ये विष्णूच्या एकेका अवतारावर एकेक गाणं आहे. मी आजीला नुसती नावं वाचून दाखवली होती. मत्स्य, कूर्म, वराह. आजीने मान डोलावली. मग मी गाणं लावलं. गुरगुर दहापैकी नऊ.

ही शीट मी वीसेक जणांना तरी पाठवली असेल. त्यातल्या किती जणांनी तिच्यातला एक तरी अल्बम शेवटपर्यंत ऐकला, हे मी कधी विचारलं नाही. एकाच माणसाला मी खोदून खोदून विचारलं. त्याच्याबद्दल सांगतोच.

ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या काही पोरांना वाटायला लागलं की रॉक गाणं तीन मिनिटांतच का संपवायचं? १९६९ मध्ये किंग क्रिम्सनचा पहिला अल्बम आला. १९७२ मध्ये येसने ‘क्लोज टू द एज’ या एका गाण्याला रेकॉर्डची अख्खी बाजू देऊन टाकली. त्याच वर्षी जेनेसिसने जवळजवळ तेवीस मिनिटांचं ‘सपर्स रेडी’ केलं. याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणायला लागले, लाडाने प्रोग. पुढे मेटलवाल्यांनी ते उचललं. ड्रीम थिएटर म्हणजे १९८५ मध्ये बॉस्टनच्या बर्कली म्युझिक कॉलेजात जमलेली तीन मुलं. मग स्वीडनमधून ओपेथ आले, मेशुगा आले. एवढा इतिहास पुरे.

मराठी माणसाला हे संगीत समजावताना सगळे जण ताल काढतात. मीही काढायचो. पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ सात मात्रांत आहे, म्हणजे आपला रूपकच की! आता मला ते पटत नाही. रूपकात सात हे घर असतं. ठेका लागला की माणूस त्यात टेकून बसतो. प्रोगमधला सात हा बहुतेक वेळा अंधारात जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसा येतो. ‘मनी’मध्येसुद्धा गिटार सोलोच्या वेळी ते सरळ चारात जातात, आणि ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो.

मला हे सगळं दिलं ते हॉस्टेलवरच्या एका सीनियरने. मेकॅनिकलचा होता, सांगलीकडचा. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणायचो. स्पॉटिफाय भारतात आलं फेब्रुवारी २०१९ मध्ये, आणि टूलने आपलं संगीत स्ट्रीमिंगवर टाकलं ते त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. त्याआधी असल्या गाण्यांचा रस्ता एकच होता, कुणाची तरी हार्ड डिस्क. हे कायदेशीर नव्हतं. आता पगार आहे म्हणून रेकॉर्डी विकत घेतो. पापक्षालन सुरू आहे.

दादाची डिस्क एक टीबीची होती. मी पहिल्यांदा मागितली तेव्हा त्याने दिली नाही. पेन ड्राइव्हवर एकच फोल्डर टाकून दिलं. पॉर्क्युपाइन ट्रीचा २००२ चा ‘इन ॲब्सेन्शिया’. वर सूचना. “रात्री ऐक, लाइट घालवून. मेसच्या आधी नको, भूक लागली की लक्ष लागत नाही. आणि पुढच्या रविवारी ये.”

पुढच्या रविवारी गेलो. “कसं वाटलं?”

“छान आहे.”

“छान म्हणजे?”

मला नीट सांगता येईना. मग कबूल केलं की मी अल्बम पूर्ण ऐकलेलाच नाही, दुसऱ्या गाण्यावरच अडकलोय. ‘ट्रेन्स’ नावाचं गाणं आहे. अकूस्टिक गिटारवर सुरू होतं, मध्येच एके ठिकाणी सगळं थांबतं आणि बँजो आणि टाळ्या येतात, घरात कुणीतरी सहज वाजवत बसावं तशा. मी ते त्या आठवड्यात तीस-चाळीस वेळा ऐकलं असेल. दादा हसला आणि त्याने दुसरं फोल्डर दिलं नाही. म्हणाला, “मग अजून आठवडाभर हेच ऐक.”

बऱ्याच महिन्यांनी मी त्याला विचारलं, की पहिल्यांदा हाच अल्बम का दिलास? तोपर्यंत मला कळलं होतं की सगळे जण सुरुवातीला पिंक फ्लॉइड देतात. तो म्हणाला, “तू दौंडचा ना? आल्यापासून कुरकुरत होतास, इथे रात्री गाडीचा आवाज येत नाही, झोप लागत नाही म्हणून.”

मी हे बोललो होतो हेही मला आठवत नव्हतं. आमचं घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर आहे. रात्रीच्या गाड्या गेल्या की कपाटाची काच थरथरते, आणि ती थरथरली की घरात सगळे कूस बदलतात.

दादा पास आऊट झाला तेव्हा जाताना त्याने मला सगळी डिस्क कॉपी करू दिली. नऊ तास लागले. मला वाटलं, आता दादाकडे होतं ते सगळं माझ्याकडे आलं. शीटची सुरुवात त्याच आठवड्यातली.

मग मी जो काही झालो तो या क्षेत्रातला अगदी नेहमीचा प्राणी आहे. कुणी मेटालिका म्हटलं की मी मेशुगा म्हणायचो. कुणी मेशुगा म्हटलं की मी म्हणायचो, ‘ब्लीड’ सगळेच ऐकतात, आधीचे अल्बम ऐकलेत का? ड्रीम थिएटरच्या ‘द डान्स ऑफ इटर्निटी’मध्ये सहा मिनिटांत शंभराच्या वर वेळा ताल बदलतो अशी चाहत्यांची मोजणी आहे. मी स्वतः ती मोजायला बसलो होतो, कागद-पेन घेऊन. ‘लॅटरॅलस’ गाण्यात शब्दांची अक्षरं फिबोनाचीच्या क्रमाने येतात, १, १, २, ३, ५, ८ आणि परत खाली. हे मी मेसमध्ये मीठ मागणाऱ्यालासुद्धा सांगितलेलं आहे. वर जोडायचो, की फिबोनाचीच्या आधी आपल्या हेमचंद्राने बाराव्या शतकात हेच आकडे छंदशास्त्रात मांडलेत. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. ठरावीक मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येते हे मोजत गेलं की हीच मालिका येते. माहिती खरी आहे. पण आकडे ऐकून कुणी त्या गाण्याच्या प्रेमात पडल्याचं मी पाहिलेलं नाही. मी स्वतःही तसा पडलो नव्हतो.

माझा रूममेट मला म्हणायचा, “तू गाणं ऐकत नाहीस, गाण्याचं ऑडिट करतोस.”

तो नांदेडचा. कान माझ्यापेक्षा चांगला. मी त्याला दादाच्या डिस्कमधून ओपेथ दिलं. ‘ब्लॅकवॉटर पार्क’, २००१. त्यातला मिकाएल ऑकरफेल्ट एका क्षणी पाताळातून आल्यासारखा गुरगुरतो आणि दुसऱ्या क्षणी इतकं स्वच्छ गातो की माणूस बदललाय असं वाटावं. मला गुरगुर आवडली. रूममेटला गुरगुर संपल्यानंतरचे दोन सेकंद आवडले. तो ते दोन सेकंद मागे नेऊन नेऊन ऐकायचा. अशी आमची जोडी होती. चार वर्षं एका खोलीत काढली. नंतर मी पुण्यात नोकरीला लागलो आणि तो काही दिवस नोकरी करून मास्टर्सला जर्मनीत गेला, श्टुटगार्टला.

तिथून पुढे आमची मैत्री व्हॉट्सॲपवर चालू होती, असं मी समजत होतो. आमच्यात एक न बोललेला करार होता. लिंक पाठवायची. बाकी काही लिहायचं नाही. समोरच्याने ऐकायचं आणि त्याला वाटेल तेव्हा उलटी लिंक पाठवायची. मला हे फार भारी वाटायचं. दोन पुरुषांची मैत्री, शब्दांवाचून, फक्त संगीत. एकदा मी हे कुणाला तरी अभिमानाने सांगितलंही होतं.

डिसेंबर २०२१. मला बोनस मिळाला होता आणि मी चांगले हेडफोन घेतले होते. नवे हेडफोन घेतले की माणूस जुने अल्बम नव्याने ऐकतो. त्यात पॉर्क्युपाइन ट्रीच्याच स्टीव्हन विल्सनचा २०१५ मधला ‘हँड. कॅनॉट. इरेज.’ ऐकला आणि वेडा झालो. रूममेटने विल्सनचं एकट्याचं काम फारसं ऐकलेलं नव्हतं. मी त्याला रात्री लिंक पाठवली आणि करार मोडून दोन वाक्यंही लिहिली. “हेडफोननेच ऐक. आणि यामागची स्टोरी वाच.”

स्टोरी अशी. जॉइस कॅरल व्हिन्सेंट नावाची बाई लंडनमध्ये एका लहानशा घरात एकटी राहायची. वय ३८. जानेवारी २००६ मध्ये घरभाडं थकल्यामुळे अधिकारी दार उघडून आत गेले तेव्हा ती मेलेली होती. मरून दोन वर्षांहून जास्त काळ झाला होता. टीव्ही तेव्हाही चालू होता. बाजूला नाताळच्या भेटवस्तू कागदात बांधून ठेवलेल्या होत्या. तिला बहिणी होत्या, मित्रमैत्रिणी होत्या, ती काही रस्त्यावरची बेवारस बाई नव्हती. तरी दोन वर्षं तिचं दार कुणी ठोठावलं नाही. विल्सनने तिच्यावर बनवलेली डॉक्युमेंटरी पाहिली आणि त्यातून या अल्बमची काल्पनिक नायिका तयार झाली. मोठ्या शहरात राहणारी, हळूहळू सगळ्यांच्या नजरेआड होत जाणारी. शेवटाजवळचं एक गाणं म्हणजे तिने भावाला लिहिलेलं पत्र आहे. पुष्कळ दिवसांनी लिहितेय, मुलांसाठी भेटवस्तू घेतल्यात, वगैरे. पत्र अर्धवट राहतं. झोप येतेय, उरलेलं उद्या लिहीन, म्हणून.

हे सगळं मला माहीत होतं. मी ते एका खोलीत एकट्या राहणाऱ्या माणसाला डिसेंबरमध्ये पाठवलं.

चार दिवस उत्तर आलं नाही. मी विचारलं, “ऐकलंस?” आणखी तीन दिवसांनी, “ऐकलंस का रे?” मग नुसतं प्रश्नचिन्ह. पेंडिंग तिकिटावर आपण टाकतो तसं. शेवटी एका दुपारी त्याचा मेसेज आला. “ऐकलं. दोनदा. असलं काही पुन्हा पाठवू नको.”

यावर मी काय केलं हे लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मी अल्बमची बाजू मांडली. तीन परिच्छेद. की हा अल्बम मुळात निराशेचा नाहीच, त्यातली ‘परफेक्ट लाइफ’ ऐक, शेवटी कसा लहान मुलांचा कोरस येतो ते बघ, समीक्षकांनी काय म्हटलंय. टाइप केलं आणि पाठवलंसुद्धा. दोन निळ्या टिका झाल्या. उत्तर नाही.

संध्याकाळी घरी जाताना, बस वाकडच्या चौकात अडकलेली असताना, मी ते चॅट वर सरकवत गेलो. लिंक, लिंक, लिंक. माझी, त्याची, माझी, माझी, माझी. डिसेंबर, नोव्हेंबर. ऑक्टोबरच्या शेवटी एके ठिकाणी त्याने लिंकशिवाय एक ओळ लिहिलेली दिसली. “इथे आता लवकर अंधार पडायला लागला.”

त्यावर मी लेप्रसची लिंक पाठवली होती. नॉर्वेचे आहेत. अंधारावरून आठवले असणार.

मी बसमधूनच फोन लावला. जर्मनीत दुपार होती. त्याने उचलला, आणि पहिली काही मिनिटं आम्ही हवापाण्याबद्दल बोललो, कारण एकमेकांचा आवाज ऐकून किती दिवस झाले होते याचा अंदाज दोघांनाही आला होता. मग त्याने सांगितलं. थिसिस अडकला होता. त्या हिवाळ्यात कोविडचे निर्बंध परत लागले होते, काम सगळं खोलीतूनच. मध्ये अकरा दिवस तो कुणाशीही मोठ्याने बोलला नव्हता. “म्हणजे सुपरमार्केटमध्ये ‘कार्डने देतो’ एवढं म्हणालो असेन. ते धरायचं तर धर.” त्या अकरा दिवसांत माझी लिंक आली.

“ऐकलं आणि मग तू सांगितलंस म्हणून स्टोरी वाचली,” तो म्हणाला. “रात्रभर हिशेब करत बसलो रे. माझं भाडं खात्यातून आपोआप जातं. वीज आपोआप. फोन आपोआप. शिल्लक किती महिने पुरेल तेही काढलं.”

मी काहीच बोललो नाही. बस हलायला लागली होती.

“सकाळी उठून शेजारच्या बाईंची बेल वाजवली. म्हाताऱ्या आहेत, एकट्याच असतात. दीड वर्ष बाजूला राहतोय, कधी बोललो नव्हतो. खाली बेलवर आडनाव लिहिलेलं असतं तेवढीच ओळख. म्हटलं, मी बाजूला राहतो, माझं नाव असं असं. एवढंच सांगायला आलो. त्यांना काही कळेना. मग म्हणाल्या, बरं झालं आलात, उद्या माझं पार्सल येणार आहे आणि मी घरी नाही, तुम्ही घ्याल का?”

“घेतलंस?”

“घेतलं. मोठं होतं. अर्धी खोली अडली.”

आम्ही हसलो. आणि मग मला राहवेना, मी विचारलं, “म्हणजे त्या अल्बमने तुझं बरं केलं की वाईट?”

तो एकदम चिडला. “तुला अजून रेटिंगच पाहिजे का?”

मी कोड लिहून पोट भरतो. गाणी सुचवणारी यंत्रं साधारण कशी चालतात ते मला माहीत आहे. तुझ्यासारखं ऐकणाऱ्या हजारो लोकांनी आणखी काय ऐकलं ते शोधायचं आणि तुझ्यासमोर ठेवायचं. गंमत म्हणजे ते काम ती यंत्रं फार चांगलं करतात. माझ्या शीटपेक्षा तर नक्कीच. त्यांना तुमच्या खिडकीबाहेर किती वाजता अंधार पडतो हे ठाऊक नसतं, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. मला ते लिहून कळवलं होतं.

फोन ठेवण्याआधी तो म्हणाला, “आता असं काहीतरी दे ज्यात कुणी मरत नाही.”

सोपं वाटतं ना? मी त्या रात्री शीट उघडून बसलो. ड्रीम थिएटरचा ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’ ही पूर्वजन्मातल्या खुनाची गोष्ट आहे. ओपेथचा ‘स्टिल लाइफ’ घ्यावा, तर प्रेयसीचा गळा चिरला जातो आणि नायक फासावर जातो. क्वीन्सराइकच्या ‘ऑपरेशन: माइंडक्राइम’मध्ये प्रेतांची रांगच आहे. रशचं ‘२११२’, ज्याच्यावर आम्ही दोघांनी हॉस्टेलची एक अख्खी दिवाळी काढली, त्यातला नायकही शेवटी जीव देतो. दोनशे ओळींची शीट आणि तिच्यात मर्तिकाचाच सुकाळ. इतकी वर्षं हे कधी डोळ्यांत आलं नव्हतं, कारण ‘कोण मरतं’ असा रकाना मी केलेला नव्हता.

शेवटी कॅमलचा ‘द स्नो गूज’ सापडला. १९७५. पूर्ण अल्बम वाद्यांचा, बासरी आणि गिटार आणि कीबोर्ड, शब्द नाहीतच. पॉल गॅलिको या लेखकाच्या छोट्या कादंबरीवरून केलेला. दलदलीच्या काठी दीपगृहात राहणारा एक चित्रकार, एक लहान मुलगी आणि त्यांनी बरा केलेला एक जखमी हंस. ऐकताना थंडीत कुणीतरी शाल टाकल्यासारखं होतं. मी लिंक पाठवली आणि लिहिलं, “आज आईने तिळाचे लाडू पाठवले, जरा कडक झालेत. हे ऐक, जमलं तर. नाही ऐकलंस तरी चालेल.”

पाठवल्यावर आठवलं, की कादंबरीत तो चित्रकार डंकर्कच्या किनाऱ्यावरून सैनिक सोडवताना मरतो.

दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. “मेला की रे हाही. पण शब्द नाहीत म्हणून माफ. लाडू किती कडक?”

त्याचा थिसिस पुढे सहा महिन्यांनी पार पडला. तो तिथेच नोकरीला आहे. आमचा नवा करार असा, की लिंक पाठवायची तर सोबत त्या दिवसाची एक ओळ लिहायची, आणि ‘ऐकलंस का’ विचारायचं नाही. लिंका पुष्कळ कमी झाल्या आहेत. ओळी वाढल्यात. मागच्या महिन्यात तर तीन आठवडे एकही गाणं नव्हतं, नुसतं त्याच्या सायकलचं पुराण.

आणि ‘हँड. कॅनॉट. इरेज.’? तो मला आजही विल्सनचा सगळ्यात चांगला अल्बम वाटतो. रूममेटने तो नंतर कधी ऐकला की नाही, मला ठाऊक नाही.

तर कॅन्टीनमध्ये चहा हातात आला होता आणि ती मुलगी वाट बघत होती.

“कधी ऐकतेस?” मी विचारलं.

“बसमध्ये. हिंजवडी ते हडपसर.”

“किती वेळ लागतो?”

“नशीब चांगलं असेल तर दीड तास. त्यात आईला फोन करायचा असतो. तो झाला की मग ऐकते.”

“टूलमध्ये काय आवडतं?”

तिने क्षणभर विचार केला. “ड्रमर. म्हणजे तो काय करतोय ते कळत नाही, पण त्याला ते कळतंय याची खात्री असते.” डॅनी केरीबद्दल इतकं बरोबर वाक्य मी कुठे वाचलेलं नाही.

“गुरगुर चालते का?”

“काय?”

“म्हणजे ते ग्राउल करतात ना, तसं.”

“सकाळी साडेसातला कुणी कानात ओरडलेलं नको. संध्याकाळी बघू.”

माझ्या डोक्यात फिल्टर सुरू झाले होतेच. सवय जात नाही. ड्रमर म्हटल्यावर पहिलं नाव किंग क्रिम्सनचं. २००१ मध्ये टूलच्या काही कार्यक्रमांत किंग क्रिम्सन आधी वाजवायला होते, म्हणजे ज्यांच्याकडून हे शिकले तेच यांच्या आधी स्टेजवर. त्यांचा १९८१ चा ‘डिसिप्लिन’ द्यावा, दोन गिटारी एकमेकींत इतक्या गुंततात की कुठली कुणाची ते सुटत नाही. पण तो अल्बम लक्ष मागतो आणि आईशी फोनवर बोलून झाल्यावर माणसाकडे किती लक्ष उरतं? ओपेथचा ‘डॅमनेशन’ होता, २००३ चा. त्यात गुरगुर अजिबात नाही, ओपेथची भीती वाटणाऱ्या प्रत्येकाला मी तिथूनच सुरुवात करायला सांगतो. पण तो फार उदास आहे आणि मी तिला ओळखत नव्हतो. लंडनच्या हेकनचा ‘द माउंटन’ ड्रीम थिएटर आवडणाऱ्याला हमखास आवडतो. म्हणूनच नको वाटला. तो तिला फोन स्वतःच सुचवेल. पूर्वी मी हे सगळे एका दमात सांगून टाकले असते आणि चहा गार झाला असता.

“कार्निवूल,” मी म्हणालो. “ऑस्ट्रेलियाचे आहेत, पर्थचे. ‘साउंड अवेक’ नावाचा अल्बम, २००९ चा. ओरडत नाहीत. ड्रम आणि बेस ऐक. साधारण सव्वा तासाचा आहे, तुझ्या बसमध्ये बसतो.”

“आणि आवडला नाही तर?”

“तर सांग, का नाही ते.”

तिने नंबर दिला. मी जागेवर जाऊन लिंक पाठवली. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी लिफ्टजवळ ती लांबून दिसली, तिने हात केला, मी हात केला, ती मीटिंगला पळाली. अल्बमबद्दल अक्षर नाही. संध्याकाळी मेसेज आला.

“अजून ऐकलं नाही रे. घरी पाहुणे आलेत. बसमध्ये पण त्यांचेच फोन.”

मी टाइप केलं, “निदान पहिलं गाणं तरी ऐक, पाच मिनिटांचं.” मग ते खोडलं.

“कोण आलंय?”

“मावशी. लातूरहून. पंधरा दिवस!!”

मग बस वाकडहून निघून बाणेरला पोचेपर्यंत आम्ही तिच्या मावशीबद्दल बोललो.